उष्णतेला वाट द्या!

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त तापणारी वस्तू कोणती? बहुतेक जण म्हणतील, इस्त्री. काही जण पाणी तापवायच्या रॉडचं नाव घेतील, पण रेक्टर सरही हा अंक वाचतात म्हणून जरा हळू आवाजात!

उत्तर देण्याआधी थोडा हिशोब करू. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट उष्णता झाली. आता २००४ साली बाजारात आलेला 'प्रेस्कॉट' नावाचा पेंटियम ४ प्रोसेसर घ्या. त्याच्या आतली सिलिकॉनची चिप ११२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. त्यातल्या वेगवान मॉडेलची उष्णता ११५ वॅट. भागाकार केलात तर दर चौरस सेंटिमीटरला १०० वॅटच्या वर येतात. इस्त्रीच्या चक्क वीसपट!

मग इस्त्री शर्टाला भोक पाडते आणि प्रोसेसर मात्र ७०-८० अंशांवर नांदतो, हे कसं काय? कारण प्रोसेसरच्या उष्णतेला बाहेर पडायची वाट करून दिलेली असते. वर तांब्या-अॅल्युमिनियमचा हीट सिंक असतो, त्याच्यावर पंखा असतो. पंखा बंद पडला की काय होतं ते कॉम्प्युटर लॅबमध्ये बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. उष्णता किती तयार होते हा अर्धा प्रश्न झाला. तयार झालेली उष्णता बाहेर कशी पडते, हा उरलेला अर्धा. ट्रान्झिस्टर नॅनोमीटरमध्ये मोजायला लागल्यापासून हा उरलेला अर्धाच जास्त जड झाला आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा, माझा रूममेट मेकॅनिकलचा. आम्ही म्हणतो उष्णता हा मेकॅनिकलचा विषय, ते म्हणतात चिप आमच्या सिलॅबसमध्ये नाही. या भांडणात नेमका मधला विषय कोणीच शिकत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यूलचा नियम, पुन्हा एकदा

दहावीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी ज्यूलचा नियम पाठ केला आहे. उष्णता = प्रवाहाचा वर्ग × रोध × वेळ. मार्क मिळाले, विषय संपला. पण हा नियम शोधणारा माणूस मजेशीर होता. जेम्स ज्यूल हा इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा, घरचा व्यवसाय बिअर तयार करण्याचा. त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, त्यातून करंट सोडला आणि पाण्याचं तापमान किती वाढतं ते थर्मामीटरने बारकाईने मोजलं. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हे त्याने १८४१ साली प्रसिद्ध केलं. तेव्हा तो जेमतेम २२-२३ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढा!

आणि एक गंमत सांगतो. ज्यूलचं पूर्ण नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. त्याच्या नियमाचा चटका ज्या प्रोसेसरला सगळ्यात जास्त बसला, त्याचंही नाव प्रेस्कॉटच निघावं, हा निव्वळ योगायोग.

असो. नियम सांगतो की उष्णता किती होते. ती नेमकी कुठे आणि कशी होते, हे मात्र तो सांगत नाही. ज्यूलच्या पाण्यातल्या तारेला त्याची गरजही नव्हती. वीस नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरला आहे.

शिमग्याची पालखी आणि फोनॉन

सिलिकॉनच्या स्फटिकात अणू ओळीने बसलेले असतात आणि सतत थरथरत असतात. या थरथरीच्या लाटांना फोनॉन म्हणतात. सिलिकॉनमधून उष्णता जाते ती मुख्यतः या फोनॉनच्या रूपाने. धातूत ते काम इलेक्ट्रॉन करतात, इथे फोनॉन.

ट्रान्झिस्टर चालू झाला की सोर्सकडून ड्रेनकडे इलेक्ट्रॉन धावतात. ड्रेनच्या बाजूला विद्युतक्षेत्र सगळ्यात तीव्र असतं. तिथे इलेक्ट्रॉनला भरपूर ऊर्जा मिळते आणि ती तो अणूंना धडकून देऊन टाकतो. ०.७ व्होल्टमधून एक इलेक्ट्रॉन गेला तर त्याच्याकडे ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा येते. सिलिकॉनमध्ये तो जे फोनॉन प्रामुख्याने निर्माण करतो, त्यातल्या एकेकाची ऊर्जा साधारण ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे दहा-अकरा फोनॉन.

पण हे फोनॉन असतात 'ऑप्टिकल' जातीचे, आणि इथेच मेख आहे. आपल्याकडे शिमग्यात पालखी नाचते ती आठवा. नाचणाऱ्यांच्या अंगात केवढा जोर असतो! पण पालखी तासभर एकाच अंगणात नाचत असते, पुढे सरकत नाही. ऑप्टिकल फोनॉनचं तसंच आहे. ऊर्जा मोठी, पण पुढे सरकण्याचा वेग अगदी कमी. उष्णता वाहून नेणारे असतात ते 'अकौस्टिक' जातीचे फोनॉन, म्हणजे मिरवणुकीत पुढे चालणारी माणसं. ऑप्टिकल फोनॉन फुटून त्यांचे अकौस्टिक फोनॉन व्हायला काही पिकोसेकंद जातात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण ट्रान्झिस्टरमधला इलेक्ट्रॉन यापेक्षा कमी वेळात सोर्सकडून ड्रेनकडे पोचलेला असतो. मागून नवे इलेक्ट्रॉन येतच असतात. त्यामुळे ड्रेनजवळ एक छोटासा तापलेला ठिपका तयार होतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. चिपवरचा सेन्सर जे तापमान दाखवतो, ते या ठिपक्याचं नसतं. ते मोठ्या भागाची सरासरी असते.

सडा आणि पाखाडी

आता अकौस्टिक फोनॉन निघाला असं समजू. तो किती लांब जाईल? जाड सिलिकॉनमध्ये उष्णतेचा बराच वाटा नेणारे फोनॉन कशालाही न धडकता शेकडो नॅनोमीटर जाऊ शकतात. हे म्हणजे सड्यावरून चालण्यासारखं. वर आभाळ, खाली कातळ, मध्ये आडवं यायला काही नाही.

पण तोच फोनॉन दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या थरात सोडला तर? मग ती झाली पाखाडी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि दर पावलाला खांदा घासतोय. थर पातळ झाला की फोनॉन सारखे पृष्ठभागावर आपटतात आणि उष्णता नेण्याची ताकद पडते. आकडेच बघा. जाड सिलिकॉनची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला साधारण १४८ (एकक: वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). वीस नॅनोमीटरच्या थरात ती वीस-पंचवीसपर्यंत खाली येते. पदार्थ तोच, शुद्धता तीच, फक्त जाडी कमी. आपण हँडबुकमधून 'सिलिकॉनची वाहकता' म्हणून जो आकडा उचलतो, तो या जागी चालत नाही.

मेकॅनिकलच्या मित्रांसाठी खास. फूरियेचा उष्णतावहनाचा नियम १८२२ सालचा. त्यात असं धरलेलं असतं की उष्णता वाहणारे कण वाटेत असंख्य वेळा धडकतात, म्हणून प्रत्येक बिंदूला स्वतःचं असं एक तापमान असतं. फोनॉनच्या दोन धडकांमधलं अंतरच जर वस्तूपेक्षा मोठं असेल, तर हा नियम लंगडा पडतो. तिथे बोल्ट्झमनच्या समीकरणाला शरण जावं लागतं.

आढीतला आंबा

आता आधुनिक ट्रान्झिस्टर कसा असतो ते पाहू. पूर्वीचा ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या सपाट पाटावर असायचा आणि खाली सिलिकॉनच सिलिकॉन. उष्णता थेट खाली उतरायची. २०१२ सालापासून बाजारातल्या प्रोसेसरमध्ये फिनफेट आले. यात सिलिकॉनची एक उभी पातळ भिंत असते, तिला फिन म्हणतात. रुंदी सात-आठ नॅनोमीटर, उंची चाळीस-पन्नास नॅनोमीटर. गेट तिला तिन्ही बाजूंनी मिठी मारतं. त्यामुळे करंटवर ताबा छान राहतो आणि गळती कमी होते. पुढची पायरी म्हणजे गेटने चारही बाजूंनी वेढलेले ट्रान्झिस्टर. सॅमसंगने २०२२ साली त्यांचं उत्पादन सुरू केलं.

विद्युतदृष्ट्या हे उत्तमच झालं. पण उष्णतेच्या नजरेतून बघा. फिनच्या आजूबाजूला काय आहे? सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे काचेचाच भाऊ. त्याची वाहकता फक्त १.४. जाड सिलिकॉनच्या शंभराव्या हिश्श्याएवढी.

ज्यांच्या घरी आंब्याची आढी लागते त्यांना हे पटकन कळेल. पिकणारा आंबा स्वतः उष्णता सोडतो. एकेकट्या आंब्याची उष्णता हाताला कळतही नाही. पण तेच आंबे पेंढ्यात थरावर थर रचले की पेंढा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. आढीत हात घातला की ऊब लागते. ठरावीक मर्यादेपर्यंत ती आपल्याला हवीच असते. पण आढी फार उंच रचली, फार घट्ट दाबली, तर मधले आंबे बिघडतात. म्हणून घरातली जाणती माणसं आढी बेताची लावतात आणि मध्येच आंबे वर-खाली करतात. फिनफेटच्या चिपमध्ये आपण अब्जावधी आंबे काचेच्या पेंढ्यात रचून ठेवले आहेत, आणि वर-खाली करायची सोय नाही!

एका फिनचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका फिनमधून ५० मायक्रोअँपिअर करंट जातोय आणि व्होल्टेज ०.७ आहे. गुणाकार केला की शक्ती ३५ मायक्रोवॅट. वाटतं, एवढ्याशा उष्णतेचं काय ते कौतुक.

पण फिनचं आकारमान काढा. ७ नॅनोमीटर रुंद, ४५ उंच, २० लांब, म्हणजे ६३०० घन नॅनोमीटर. आता याच दराने एक घन सेंटिमीटर सिलिकॉन, म्हणजे साधारण साखरेच्या एका मोठ्या खड्याएवढा तुकडा, तापवायचा म्हटलं तर किती शक्ती लागेल? उत्तर येतं सुमारे ५५ लाख मेगावॅट. आपल्या जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाची क्षमता सुमारे १९६७ मेगावॅट. म्हणजे एका खड्यात २८०० दाभोळ!

अर्थात प्रत्यक्षात असं होत नाही. फिन चिपचा अगदी छोटा भाग व्यापतात, सगळे ट्रान्झिस्टर एकाच वेळी चालत नाहीत, आणि चालू-बंद होताना करंट फक्त क्षणभर जातो. म्हणून पूर्ण चिपची सरासरी १०० वॅटच्या आसपास राहते. पण जिथे तो क्षण घडतो तिथली तीव्रता ही अशी आहे.

तापमान किती चढेल हेही काढता येतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ओहमचा नियम आठवावा. करंटच्या जागी उष्णतेचा प्रवाह, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक आणि रोधाच्या जागी उष्णतारोध. तापमानवाढ = शक्ती × उष्णतारोध. डेस्कटॉपच्या चांगल्या हीट सिंकचा उष्णतारोध एका वॅटमागे अंशाच्या काही दशांशाएवढा असतो. एकट्या फिनचा मात्र लाखांच्या घरात जातो. समजा ५ लाख धरला, तर ३५ मायक्रोवॅटने तापमान साडेसतरा अंशांनी चढतं. हे साडेसतरा अंश चिपच्या बाकीच्या तापमानाच्या वर, बरं का! वर कितीही मोठा पंखा लावा, तो या साडेसतरा अंशांना हात लावू शकत नाही. कारण अडथळा पंख्याजवळ नाही, फिनच्या दारातच आहे.

तारांचं दुखणं

ट्रान्झिस्टर जोडणाऱ्या तांब्याच्या तारांची कथाही अशीच. घरातल्या वायरिंगमध्ये दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून १५ अँपिअर गेले तर प्रति चौरस सेंटिमीटर १००० अँपिअर होतात. चिपमधल्या तारा दहा लाख अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर सहन करतात, हजारपट. घरातली तार अशा करंटला क्षणात वितळेल. चिपमधली टिकते, कारण ती इतकी बारीक असते की तिची उष्णता आजूबाजूला लगेच सटकते. पुन्हा तेच, वाट मिळाली म्हणून वाचली.

पण तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन धडकांमध्ये साधारण ४० नॅनोमीटर जातो. तारच त्याहून अरुंद झाली की तो कडांवर आपटत राहतो, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. त्यात इलेक्ट्रॉनच्या लोंढ्याने तांब्याचे अणू हळूहळू वाहून जातात. ओढ्याच्या पाण्याने वाळू सरकते तसेच. एका ठिकाणी खड्डा पडतो आणि तार तुटते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. तापमान वाढलं की हा प्रकार झपाट्याने वाढतो. 'दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं' असा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ ठोकताळा आहे, तो अशाच कारणांवरून आला.

भिंत तिथेच आहे

हे सगळं आधी का जाणवलं नाही? याचं श्रेय आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना. १९७४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टरची सगळी मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात कमी करत गेलं, तर दर चौरस सेंटिमीटरची उष्णता वाढत नाही. ट्रान्झिस्टर जास्त, वेगही जास्त, आणि उष्णता तेवढीच. तीस वर्षं हा सौदा चालला. ५ व्होल्टवरून आपण १ व्होल्टच्या आसपास आलो.

मग गाडी अडली. ट्रान्झिस्टर हा नळासारखा असतो, पूर्ण बंद कधीच होत नाही. खोलीच्या तापमानाला त्याचा करंट दहापट कमी करायला गेटचं व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्टनी खाली आणावं लागतं. हा निसर्गाचा हिशोब आहे, कारखान्याचा नाही. म्हणून चालू व्हायचं व्होल्टेज ६० मिलिव्होल्टनी कमी केलं की गळती दहापट होते. व्होल्टेज खाली येईना, ट्रान्झिस्टर मात्र दाटीवाटीने वाढत गेले. त्यात गळती तापमानाबरोबर वाढते. तापलं की गळती, गळलं की अजून ताप. २००१ सालीच इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला होता की असंच चालू राहिलं तर चिप दशकभरात रॉकेटच्या नळकांड्याएवढी तापेल. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि एका चिपवर अनेक कोअर हा रस्ता धरला. तुमच्या लॅपटॉपवर 'ड्युअल कोअर', 'क्वाड कोअर' लिहून आलं, त्यामागचं मोठं कारण ही उष्णताच.

त्यानंतर काय झालं? २०२२ साली एनव्हिडियाची एच-१०० ही चिप आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितांसाठी ती जगभर वापरली गेली. तिच्यात ८००० कोटी ट्रान्झिस्टर, क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर आणि पूर्ण कार्डाची उष्णता ७०० वॅट. यात शेजारच्या मेमरीचा वाटाही आला. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला ८६ वॅट. प्रेस्कॉटमध्ये १२.५ कोटी ट्रान्झिस्टर होते आणि भागाकार १०३ होता. म्हणजे अठरा वर्षांत ट्रान्झिस्टर ६४० पट झाले, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या वाट्याची उष्णता सुमारे शंभरपट कमी केली, आणि तरीही आपण त्याच भिंतीपाशी उभे आहोत. चिप बनवणाऱ्यांनी जेवढी जागा कमावली, तेवढी नव्या ट्रान्झिस्टरनी भरून टाकली.

एक कोडं

व्हायव्हाला विचारण्यासारखं एक कोडं देतो. एक तार इतकी छोटी केली की इलेक्ट्रॉन तिच्यातून एकदाही न धडकता पार जातो. मग तिचा रोध किती? शून्य? नाही. अगदी अरुंद, एकाच वाटेच्या अशा तारेचाही रोध सुमारे १२,९०० ओहम येतो, आणि तो पदार्थावर अवलंबून नसतो. मग ज्यूलच्या नियमाने उष्णता व्हायलाच हवी. पण तारेत तर कोणी धडकलंच नाही!

उत्तर असं की उष्णता तारेत होतच नाही. ती होते दोन टोकांच्या जोडण्यांमध्ये. इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा घेऊन तार ओलांडतो आणि पलीकडच्या धातूत गेल्यावर ती टाकतो. रोध एकीकडे आणि उष्णता दुसरीकडे. दहावीच्या पुस्तकातली दोघांची जोडी इथे तुटते. म्हणून नॅनो उपकरणाचं डिझाइन करताना 'किती वॅट' एवढंच विचारून भागत नाही, 'कोणत्या जागी' हेही विचारावं लागतं.

पाटणकरांचं पुस्तक

आता आपल्या माणसांकडे येऊ. मेकॅनिकलच्या लायब्ररीत सुहास पाटणकर यांचं १९८० सालचं संख्यात्मक उष्णतावहनावरचं पुस्तक असतं. जगभरची पोरं ते वाचून सीएफडी शिकतात. हे पाटणकर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, मग आयआयटी मुंबईचे, आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे पीएच.डी. तिथले त्यांचे गुरू स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी १९७२ साली 'सिंपल' ही गणितपद्धत मांडली. पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शिकवताना त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि तिने डेटा सेंटरच्या खोलीत थंड हवा कशी फिरेल याचं सॉफ्टवेअर तयार केलं. मेकॅनिकलचा माणूस, पण काम पोचलं थेट कॉम्प्युटरच्या उशाशी.

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला. त्यात हवेऐवजी पाण्याने थंड करायची पद्धत वापरली. पाणी नळ्यांमधून प्रोसेसरच्या अगदी जवळ नेतात. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी चांगली उचलतं, म्हणून पंख्यांची घरघर आणि वीज दोन्ही वाचतात. याचं महत्त्व लहान नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. त्यातली जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते.

आणि ट्रान्झिस्टरच्या पातळीवर काम करायचं तर आयआयटी मुंबईत २००६ साली, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर, नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र सुरू झालं. तापलेला ट्रान्झिस्टर हळूहळू कसा थकतो, यावर तिथे बराच अभ्यास झाला आहे. बाहेरच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या केंद्रांतली उपकरणं वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारने 'आयएनयूपी' हा कार्यक्रमही काढला. रत्नागिरीहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी मुंबई. अंतर फार नाही, फक्त अर्ज करावा लागतो.

खोलीवर करून पाहा

हे सगळं वाचून 'आपल्याकडे नॅनो लॅब कुठे आहे?' असं म्हणू नका. लॅपटॉप हीच लॅब. प्रोसेसरचं तापमान आणि वॅट दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. लॅपटॉप टेबलावर ठेवा, दहा मिनिटं काही जड काम द्या आणि आकडे लिहा. समजा खोली ३१ अंश, प्रोसेसर ७९ अंश आणि शक्ती १६ वॅट. फरक ४८, भागिले १६, म्हणजे उष्णतारोध ३ अंश प्रति वॅट. आता तेच गादीवर ठेवून करा. खालची जाळी झाकली गेली की हा आकडा वाढतो. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो 'मशीन स्लो झालं'. फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. तिथे नुसता वेग जात नाही, बॅटरीचं आयुष्य जातं आणि धोकाही असतो.

आणखी एक गोष्ट. मे महिन्यात आपण रत्नागिरीत घामाने भिजतो आणि नागपूरची मुलं सांगतात की आमच्याकडे ४५ अंश असतात. कोणाचा प्रोसेसर सुखात? आपला! कारण हीट सिंकला घाम येत नाही. दमट हवेत आपला घाम सुकत नाही म्हणून त्रास आपल्याला होतो. प्रोसेसरला फक्त हवेच्या तापमानाशी मतलब. खोली ३३ वरून ४५ वर गेली की चिपही सरळ बारा अंशांनी वर. आपला शत्रू वेगळा आहे. खारी हवा आणि फिनांमध्ये साचणारी धूळ. वर्षातून एकदा ती साफ केली तर उष्णतारोध खाली येतो, पैसे खर्च न करता.

शेवटी विभागप्रमुखांना आणि मित्रांना एक विनंती. दरवर्षी प्रोजेक्टचे ग्रुप शाखेनुसार पडतात. निदान एक ग्रुप मिसळून होऊ द्या. इलेक्ट्रॉनिक्सने सर्किट करावं, मेकॅनिकलने त्याचं तापमान मोजून हीट सिंक काढावा, कॉम्प्युटरने आकडेमोड करावी. विषय हवा असेल तर देतो: आपल्याच लॅबमधल्या मशीनचा उष्णतारोध पावसाळ्याआधी आणि नंतर. खर्च जवळपास शून्य, आणि निघालेला आकडा कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ज्यांना यात उतरायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मेसमध्ये मला गाठावं. रूममेट तयार झाला आहे. आम्ही दोघं आहोत, तिसरा हवा.